पावणेदोन

टायर काही केल्या चढेना. अर्धं चढायचं आणि उरलेलं अर्धं रिमच्या काठाशी येऊन अडून बसायचं. गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून, चाक दोन गुडघ्यांत दाबून मी आधी अंगठे लावले, मग टायर काढायच्या पट्ट्या लावल्या आणि शेवटी स्वयंपाकघरातलं स्टीलचं उलथनं गुपचूप आणून लावलं. उलथनं वाकलं. टायर होतं तिथेच.

चाक उचलून दिव्याखाली धरलं. रिमवर कंपनीनं ठोकलेला आकडा गंज निघाल्यावर स्वच्छ वाचता येत होता : २० × १ ३/४. टायर उजेडात नेलं. त्यावर छापलं होतं : २० × १.७५.

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल केलेला माणूस. सगळी नोकरी व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या संगतीत गेली. पाऊण म्हणजे पंच्याहत्तर शतांश, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आमच्या आजोबांना तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी सगळं तोंडपाठ. दिवेलागणीला परवचा झाला की आम्हा भावंडांना समोर बसवून म्हणून घ्यायचे. त्यांच्यापुढे हे दोन आकडे ठेवले असते तर दोन्हींना त्यांनी एकच शब्द वापरला असता : पावणेदोन. मराठीत त्याला दुसरा शब्दच नाही.

दुसऱ्या दिवशी चाक आणि टायर घेऊन गावातल्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार सत्तरीचा. त्यानं टायर बघितलं, रिम बघितली, मला बघितलं आणि हसला. हसण्यात कुचेष्टा नव्हती. असं गिऱ्हाईक त्याच्याकडे अधूनमधून येत असावं. टायरच्या कडेला मुंगीच्या आकाराचा आणखी एक आकडा होता, त्यावर त्यानं नख ठेवलं. ४७-४०६.

"खरा आकडा हा. तुमची रिम आहे ४१९ची. वीस, पावणेदोन ही नुसती हाक मारायची नावं."

म्हणजे व्यासात तेरा मिलिमीटरचा फरक. परिघात चार सेंटिमीटर. चार सेंटिमीटर आखूड पट्टा कमरेला लावून बघा, म्हणजे माझ्या उलथन्याचं काय झालं ते कळेल. अपूर्णांकात लिहिलेलं टायर एका जातीच्या रिमचं, दशांशात लिहिलेलं दुसऱ्या जातीच्या रिमचं, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही. वर आणखी गंमत अशी, की माझ्या सायकलीचं मागचं चाक ४०६चंच निघालं. एकाच सायकलीची दोन चाकं, दोन्हींना वीस इंची म्हणायचं आणि दोन्हींची टायरं वेगळी.

"असं कुणी का केलं?" मी विचारलं.

"ज्यांनी केलं ते कारखाने बंद पडले," तो म्हणाला, आणि टायरची ऑर्डर लिहून घेऊ लागला.

ही सायकल माझ्याकडे आली ती गेल्या मे महिन्यात. शिकागोच्या पश्चिमेला आमचं उपनगर आहे. इथे कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी लोक नको असलेलं सामान रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. खुर्च्या, गाद्या, चांगले चालते टीव्हीसुद्धा. पलीकडच्या घरातल्या म्हातारबुवांचं घर आवरणं चाललं होतं. ॲरिझोनाला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं होतं. त्यांच्या ढिगात, मोडक्या शिडीला टेकून, ती उभी होती.

पहिल्यांदा नजरेत भरलं ते हँडल. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैलांची शिंगं बघितलीत? तशी उभी, लांब, मागे वळलेली दोन शिंगं. खाली चाकं मात्र एवढीशी, लहान मुलांच्या सायकलीची. आणि सीट हातभर लांब, केळीच्या आकाराची, मागच्या टोकाला उंच कमानीसारखी सळई. सगळ्यावर गंज. चेन तर सळसळतसुद्धा नव्हती. उचलली तर काठीसारखी ताठ उभी राहिली असती.

"भंगार आहे," म्हातारबुवा म्हणाले. "हवी असली तर न्या. १९६६ साली मेमध्ये वाढदिवसाला मिळाली होती मला."

नंतर मी खातरजमा केली. मागच्या चाकाचा एक्सल बसतो तिथे डाव्या बाजूला नंबर ठोकलेला असतो. त्याचं पहिलं अक्षर महिना सांगतं आणि दुसरं वर्ष, १९६५ पासून ए, बी, सी असं. माझ्या सायकलीवर निघालं सीबी. म्हणजे मार्च १९६६. मार्चमध्ये फ्रेमवर नंबर पडला, मेमध्ये पोराच्या हातात पडली. म्हातारबुवांची आठवण पक्की होती. नाव श्विन स्टिंग-रे, डीलक्स. माझ्या घरापासून गाडीनं तासाभरावर, शिकागो शहरातच ती तयार झाली होती.

मसल सायकल हे तिच्या जातीचं नाव, आणि ते मोटारींवरून आलं. साठच्या दशकात अमेरिकेत दांडग्या इंजिनच्या मसल कारचं वेड होतं, आणि ज्यांना गाडी चालवायला अजून सहा-सात वर्षं अवकाश होता त्या पोरांनाही ते लागलं होतं. दक्षिण कॅलिफोर्नियात पोरं वीस इंची जुन्या सायकलींना उंच हँडलं आणि लांब सीटा स्वतःच बसवून हिंडू लागली. श्विन कंपनीच्या अल फ्रिट्झ यांच्या कानावर ते गेलं आणि जून १९६३ मध्ये श्विननं स्टिंग-रे बाजारात आणली, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. हफी कंपनीची पेंग्विन त्याआधी काही महिने आली होती, पण नाव झालं ते स्टिंग-रेचं. पुढे तर प्रत्येक कंपनीनं अशी सायकल काढली. इंग्लंडातल्या रॅलेची चॉपर ही त्यातलीच. १९६८ साली श्विननं क्रेट नावाची मालिका काढली. पुढचं चाक आणखी लहान, सोळा इंची, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा, आणि मधल्या दांडीवर मोटारीसारखा गिअरचा दांडा. त्यांची नावं ऑरेंज क्रेट, ॲपल क्रेट, लेमन पीलर, पी पिकर. वाचताना मंडईतून फिरल्यासारखं वाटतं. त्यांतली एखादी नीट जपलेली निघाली तर आज तिला काही हजार डॉलर येतात. माझी त्या घराण्यातली नव्हे. माझी साधी. गिअर नाही, स्प्रिंग नाही.

या सायकली बघताना मला एक गोष्ट राहून राहून नवलाची वाटते. आमच्या सांगलीत मुलांसाठी म्हणून सायकल नव्हतीच. सायकल मोठ्यांची असायची, बावीस इंची, काळी. मुलांनी तिच्यात स्वतःला कसंतरी बसवायचं. सीटवरून पाय पोचायचे नाहीत, म्हणून मधल्या दांडीखालून पलीकडे पाय घालायचा आणि अंगाचा विळा करून हाफ पायडल मारत जायचं. हरभट रोडवरच्या चाचांच्या सायकल दुकानात तासाला पंचवीस पैसे भाडं होतं. पाच मिनिटं उशीर झाला तर चाचा घड्याळाकडे न बघता सांगायचे. त्याच सुमारास इकडे शिकागोत दहा वर्षांच्या पोराची हौस काय आहे हे ओळखून कारखाना चालवला जात होता. हेवा वाटला का? थोडा वाटला. साठी उलटल्यावर वाटला, एवढंच.

घरी आमच्या बाबांची हर्क्युलस होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा ती तळमजल्यावर होती, आणि पाणी उतरेपर्यंत पाण्यातच राहिली. पुढे दादानं ती भंगारवाल्याला किलोवर दिली. मला फोनवर सांगितलं तेव्हा देऊन महिना झाला होता. दादाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. घरात चिखल होता, माणसं जागेवर आणायची होती, सायकलीकडे कोण बघतो? आणि मी विचारायला तिथे होतो कुठे? पण म्हातारबुवांच्या ढिगातली ही गंजकी शिंगं बघितली तेव्हा माझा हात जो पुढे गेला तो एवढ्या सगळ्याचा विचार करून गेला नव्हता, एवढं खरं.

गंजाचं औषध सोपं आहे. ऑक्झॅलिक आम्लाची पूड इथे लाकूड उजळायला म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळते. कोमट पाण्यात विरघळवायची आणि वस्तू बुडवून ठेवायची. अळूची पानं नीट शिजली नाहीत तर घशाला जी खाज सुटते ती याच आम्लाच्या कुळातली. अळूच्या फतफद्यात आई चिंच घालायची ती त्यावर उतारा म्हणून. अर्थात हे प्रकरण अळूएवढं गरीब नाही, विषारी आहे. हातमोजे हवेत, पूड नाकात जाता कामा नये, आणि काम उघड्यावर करायचं. प्रश्न होता तो अख्खी फ्रेम बुडवायची कशात. नातीचा पाण्यात खेळायचा फुगवता हौद गॅरेजात पडून होता. सौभाग्यवतींनी परवानगी दिली, पण नंतर तो हौद टाकून द्यायचा आणि नवा आणायचा या अटीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदातलं पाणी पिवळं-हिरवं झालं होतं आणि फ्रेमचा रंग वर आला होता. तांब्याचा. आई दिवाळीच्या आधी बंबाला चिंच-मीठ लावून घासायची तेव्हा राखेच्या आडून जो रंग उमटायचा, तोच. कंपनीनं नावही कॉपरटोन असं ठेवलेलं. खाली रुपेरी थर आणि त्यावर आरपार दिसणारा तांबूस थर असा हा रंग चढवलेला असतो. त्यामुळे त्याला उन्हात झळाळी येते, आणि त्यामुळेच तो जोरात घासता येत नाही. वरचा पापुद्रा गेला की खालची चांदी उघडी पडते. मधल्या दांडीवर एका जागी माझा हात जरा जड पडला. तिथे आता आठ आण्यांएवढा रुपेरी डाग आहे.

क्रोमचं दुखणं वेगळं. मडगार्ड, रिमा, हँडल सगळं क्रोमचं. क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याच्या बारीक छिद्रांतून ओल खालच्या पोलादापर्यंत पोचते आणि गंज आतून बाहेर येतो. त्यावर इथला घरगुती उपाय म्हणजे ॲल्युमिनियमचा कागद. चुरगळायचा, पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही आणि गंज मात्र काळ्या लगद्यासारखा निघून येतो. पोळ्या गुंडाळायचा रोल मी दोन दिवसांत संपवला, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यातल्या पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून आल्या. क्रोम चमकलं. पण गंजानं जिथे खाल्लं होतं तिथे बारीक काळे ठिपके राहिले, देवीच्या व्रणांसारखे. ते जात नाहीत. पुन्हा क्रोम चढवून घ्या, असं एकानं सुचवलं. त्यासाठी जुना थर उतरवायचा, पॉलिश करायचं, तांबं, निकेल आणि मग क्रोम. ते मी केलं नाही. खर्चाचा भाग आहेच. पण मला त्या नव्याहून नव्या दिसणाऱ्या जुन्या सायकली आवडतच नाहीत. पॉलिश करताना रिमवरची अक्षरंही बुजतात, आणि अशी सायकल हवा भरून फिरवण्याऐवजी काचेच्या कपाटात ठेवावीशी वाटते.

सायकल पूर्ण खोलण्याला सांगलीत आम्ही ओव्हरऑइलिंग म्हणायचो. पुष्कळ तेल पाजतात म्हणून ओव्हरऑइलिंग, असं माझं कॉलेजात जाईपर्यंत ठाम मत होतं. वर्षातून एकदा, मेच्या सुट्टीत, बाबांची हर्क्युलस चाचांकडे टाकायची आणि मी दिवसभर तिथे बसायचो. चाचा पत्र्याच्या डब्याच्या झाकणात रॉकेल ओतायचे आणि छरे त्यात सोडायचे. एक एक छरा बोटात धरून फिरवून बघायचे. ज्याला दात पडलेला असेल तो रस्त्यावर फेकायचे. तो उचलायला आम्ही पोरं टपलेली. कपात ग्रीस थापून त्यात छरे लावताना त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं काही मंत्र म्हणतात. मोजत असायचे.

या सायकलीचा क्रँक मात्र त्यांनी कधी बघितला नसेल. आपल्याकडे एक्सल वेगळा, दोन्ही बाजूंचे क्रँक वेगळे आणि ते कॉटर पिननं ठोकलेले. इथे डावा क्रँक, एक्सल आणि उजवा क्रँक मिळून पोलादाचा एकच वाकवलेला दांडा. तो बाहेर काढायचा तर डावं पायडल काढायचं, डावीकडचे नट सोडवायचे आणि अख्खा दांडा उजवीकडून सापासारखा वळवत ओढून घ्यायचा. मी पाना लावला. नट हलेना. गंज-मोड्या फवारला, रात्रभर ठेवलं, सकाळी पान्याला पाइप अडकवून जोर लावला. हलेना. अर्धा तास घाम गाळल्यावर डोक्यात चाचांचा आवाज वाजला. पायडल काढताना ते नेहमी म्हणायचे, "डाव्या अंगाचं समदं उलटं असतंय बघ." मी अर्धा तास तो नट आवळत होतो. पाना उलट्या दिशेनं फिरवल्यावर नट किर्र करून सुटला.

आत छरे होते, पण मोकळे नव्हेत. पत्र्याच्या कड्यात ओळीनं बसवलेले. ग्रीस वाळून काळ्या डांबरासारखं झालेलं. तरी एकाही छऱ्याला दात पडला नव्हता. रॉकेलमध्ये धुऊन मी ते तळहातावर घेतले. तेव्हा मला कळलं, की माझेही ओठ हलताहेत.

खरं काम सुरू झालं ते भाग शोधण्याचं. वस्तू टाकून द्यायच्या या देशात जुन्या सायकलींचे भाग माणसं ज्या भक्तीनं साठवतात ते बघून मी थक्क झालो. मिशिगनमध्ये वसंतात जुन्या सायकलींचा बाजार भरतो. पहाटे निघून चार तास गाडी हाकत गेलो. मोकळ्या मैदानात ओळीनं गाड्या लावलेल्या, मागची दारं उघडी, आणि जमिनीवर ताडपत्रीवर मांडलेले नट, कोन, घंट्या, साखळ्या. नोकरीला लागल्यावर पुण्यात असताना दर रविवारी जुन्या बाजारात जायचो, त्याची आठवण झाली. फरक एवढाच की तिथे सगळे ओरडत असायचे आणि इथे सगळे कुजबुजत होते.

या मंडळींचा एक लाडका शब्द आहे, एनओएस. म्हणजे त्या काळात बनलेला पण कधीच न वापरलेला भाग, कंपनीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातला. कोरा जुना. खोकं उघडून दाखवताना विकणाऱ्याचा चेहरा शालू दाखवणाऱ्या दुकानदारासारखा होतो. त्याच्या खालची पायरी नव्यानं बनवलेल्या हुबेहूब नकलांची, आणि त्याच्याही खालची म्हणजे दुसऱ्या सायकलीवरून काढलेला वापरलेला भाग. मला तिसरी पायरी परवडते आणि, खरं सांगायचं तर, तीच पसंत आहे. साठ वर्षं खोक्यात झोपलेलं पायडल माझ्या व्रण पडलेल्या सायकलीला लावलं तर दोघांनाही अवघडल्यासारखं होईल.

सीटचं कव्हर फाटलं होतं. ते नव्यानं बनवलेलं घेतलं, इलाज नव्हता. चेन नवी घेतली. चेनगार्डचा एक स्क्रू आठ महिने मिळाला नव्हता, तो तिथे एका म्हातारीच्या बरणीत मिळाला. पैसे विचारले तर तिनं हातानंच उडवून लावलं.

अडलं ते डाव्या पायडलशी. या सायकलीला बो पायडलं असतात. बाहेरची कड धनुष्यासारखी वळलेली आणि रबरावर कंपनीचं नाव. माझं उजवं शाबूत आहे. डाव्याच्या जागी कुणीतरी कधीतरी भलतंच बसवलं होतं, तेही मोडकं. त्या बाजारात मी ताडपत्रीमागून ताडपत्री पालथी घातली. उजवी मिळाली. डावी नाहीत. एका विक्रेत्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "स्टँड डावीकडे असतो. सायकल पडते ती डावीकडेच. मार खातं ते डावं." पटलं. माझी त्यात भर अशी की आपण टांग टाकतो तीही डाव्या पायडलवर भार देऊनच. बिचाऱ्याला दोन्हीकडून मार. आणि कुठलंही नवं आणून लावू म्हटलं तर आटे जुळत नाहीत. हल्लीच्या बहुतेक पायडलांचा दांडा इंचाच्या नऊ सोळांशाचा. या एकसंध क्रँकला लागतो अर्ध्या इंचाचा. पुन्हा तेच. दिसायला सारखं आणि बसायला तयार नाही.

दादाला फोनवर हे सगळं सांगितलं.

"सायकल कितीला घेतलीस?"

"फुकट मिळाली."

"आणि आजवर घातलेस किती?"

मी त्याच्याकडे पावसाची चौकशी केली. कृष्णेच्या पाण्याची पातळी विचारली. दादा हसला. मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "बाबांच्या सायकलीची घंटी काढून ठेवलीय मी. भंगारवाल्याला दिली नव्हती. सांगायचं राहिलं."

दुकानदारानं मागवलेलं ४१९चं टायर दोन आठवड्यांनी आलं. पांढऱ्या पट्ट्याचं. रिमवर ठेवलं, दोन्ही अंगठ्यांनी कड दाबत गेलो आणि शेवटचा टप्पा टप् करून आत बसला. पट्टी लागली नाही, उलथनं लागलं नाही.

मागचं चाक फिरवत, तारा आवळत-सोडत त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. ब्रेकला हात लावला नाही. हबच्या आतला बेंडिक्सचा कोस्टर ब्रेक साफ करून, ग्रीस भरून जसाच्या तसा बसवला. या ब्रेकला हँडलवर मूठ नसते. पायडल उलटं मारलं की मागचं चाक धरलं जातं. हे मला माहीत होतं. हबचे भाग स्वतः खोलून फडक्यावर ओळीनं मांडले होते मी. तरीही पहिल्याच फेरीला उतारावर, चाळीस-पन्नास वर्षांची सवय, मी सहज पाय मागे फिरवले. फ्रीव्हीलची ती टिकटिक ऐकायला. मागचं टायर किंचाळलं, सायकल आडवी झाली आणि मी शेजारच्यांच्या हिरवळीवर. सायकल पडली ती डावीकडेच. त्यामुळे तिथलं तात्पुरतं पायडल आता आणखी वाकडं आहे.

म्हातारबुवा जायच्या आदल्या दिवशी बघायला आले. सायकलीभोवती एकदा फिरले. रंगावर काही बोलले नाहीत, क्रोमवर काही बोलले नाहीत. मागच्या मडगार्डवर एक पोचा आहे, तो मी मुद्दाम तसाच ठेवला होता, तिथे बोट लावून म्हणाले, "हा मी केला नाही. भावानं केला." साठ वर्षं झाली तरी जबाब तोच. मग बसले. गुडघे हँडलला लागायला लागले. "हँडल फार उभं केलंत," ते म्हणाले, "आम्ही मागे पाडायचो, छातीपर्यंत." मी पाना आणला, त्यांनी सांगितलं तेवढं हँडल मागे घेतलं. पुन्हा बसले, अंगणाच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि सायकल माझ्या हातात देऊन घरी गेले.

आता हँडल त्यांच्या मापाचं आहे, मला जरा अवघड जातं. नातीनं विचारलं, सीट एवढी लांब का? मी म्हटलं, डबलसीट. हा शब्द तिला शिकवायला मजा आली. सांगलीत डबलसीट गेलं की पोलीस हवा सोडायचे, हेही सांगितलं. ते तिला खरं वाटलं नाही. ती मागे बसते, त्या कमानीच्या सळईला टेकून, आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत पायडल मारतो. उलटं मारायचं नाही, हे ती मला दर वळणावर आठवण करून देते.

बाबांची घंटी दादा पाठवतो आहे. हँडलच्या नळीवर तिचा क्लॅम्प बसेल की नाही ते आल्यावर बघू. तोवर एक विनंती. वाचणाऱ्यांपैकी कुणी इकडे इलिनॉय, मिशिगन, ओहायोच्या बाजूला राहत असेल, आणि तळघरात, गॅरेजात किंवा कुणाचं घर आवरताना जुन्या श्विनचं डावं बो पायडल दिसलं, अर्ध्या इंचाच्या आट्याचं, तर ते माझ्यासाठी बाजूला ठेवा. गंजलेलं चालेल. उजवं मात्र नको. उजवी माझ्याकडे तीन झाली आहेत.